डिशमधले आकडे मातीत उतरवा: सुगंधी तेलं आणि सूत्रकृमी यांवर संशोधन करणाऱ्यांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

वनस्पतींच्या सुगंधी तेलांनी पिकांवरचे सूत्रकृमी, म्हणजे मुळांना लागणारे धाग्यासारखे अतिबारीक कृमी, आटोक्यात येतात का, हे तपासणाऱ्या तुम्हा सर्वांना हे पत्र लिहिते आहे. मी प्रयोगशाळेत सहायक आहे. तुमच्या तक्त्यांत मृत्यूच्या टक्केवारीचा जो रकाना असतो, तो भरण्यासाठी कुणीतरी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून एकेक पिल्लू मोजलेलं असतं. ते काम माझं.

एका चाचणीची गोष्ट आधी सांगते. ओव्याच्या तेलाची चाचणी होती. चोवीस तास भरले तेव्हा डिशमधली जवळजवळ सगळी पिल्लं काडीसारखी ताठ पडली होती. बारीक सुईनं टोचलं तरी हालचाल नाही. वहीत 'मृत' म्हणून नोंद केली. एरवी डिश लगेच धुवायला गेली असती, पण त्या दिवशी मी ती पिल्लं बारीक चाळणीवर घेतली, साध्या पाण्यानं तीनदा धुतली आणि स्वच्छ पाण्यात ठेवून घरी गेले. सकाळी भिंगाखाली पाहिलं तर आधी एकाचं डोकं हललं, मग शेजारच्याला बाक आला, आणि थोड्या वेळानं बरीचशी पिल्लं नेहमीसारखी वळवळत होती. आदल्या संध्याकाळी मी ज्यांना मेलेलं म्हटलं होतं, ती गुंगीत होती. तेल गेलं, गुंगी उतरली.

तेव्हापासून कुठलाही 'चोवीस तासांत इतके टक्के मृत्यू' असा दावा वाचला की माझा पहिला प्रश्न हाच असतो: धुऊन पाहिलं होतं का? तुमच्यापैकी काही जण काटेकोरपणे धुतात, पुन्हा एक दिवस पाण्यात ठेवतात आणि मगच मोजतात. त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण न हलणं आणि मरणं यांतला फरक न पाहताच लिहिलेले आकडेही मी पुष्कळ वाचले आहेत, आणि त्यांच्या भरवशावर कुणीतरी आपल्या पिकात तेल ओततं, याची मला काळजी वाटते.

गैरसमज नको म्हणून सांगते, मी सुगंधी तेलांच्या बाजूची आहे. सूत्रकृमींवरच्या रासायनिक औषधांचा इतिहास ज्याला माहीत आहे, त्याला दुसरा रस्ता शोधावासा वाटणारच. डीबीसीपी हे द्रव्य एके काळी मातीत सर्रास सोडलं जाई. १९७७ साली ते बनवणाऱ्या अमेरिकेतल्या एका कारखान्यातल्या पुरुष कामगारांना मुलं होत नाहीत हे उघडकीला आलं आणि १९७९मध्ये तिथे त्याचा जवळजवळ सगळा वापर बंद झाला. मिथाइल ब्रोमाइडचं तसंच. माती निर्जंतुक करायला त्याच्याइतकं हुकमी दुसरं काही नव्हतं, पण ते ओझोनचा थर विरळ करतं. १९८७च्या माँट्रियल करारानं ओझोन खाणाऱ्या द्रव्यांना आळा घालायला सुरुवात केली. पुढे त्या यादीत मिथाइल ब्रोमाइडही आलं, आणि विकसित देशांनी २००५पर्यंत व विकसनशील देशांनी २०१५पर्यंत मोजके अपवाद सोडून त्याचा वापर थांबवायचा असं ठरलं. ही जागा मोकळी आहे. ती भरायला ओवा, लवंग, दालचिनी, पुदिना, गवती चहा यांच्याकडे पाहणं अगदी योग्य आहे. म्हणूनच या कामात कच्चेपणा राहू नये असं मला वाटतं.

ज्याच्याशी आपली गाठ आहे तो सूत्रकृमी आधी नीट डोळ्यांपुढे आणू. मुळांवर गाठी करणाऱ्या मेलॉइडोगायनीची नोंद १८५५ साली माइल्स बर्कली यांनी केली, काचघरातल्या काकडीच्या मुळांवर. अंड्यातून बाहेर पडलेलं दुसऱ्या अवस्थेतलं पिल्लू अर्ध्या मिलिमीटरहूनही थोडं लहान असतं. या एका अवस्थेतच ते मातीतल्या पाण्याच्या पातळ थरात उघडं असतं. मुळाच्या टोकाजवळून आत शिरलं की ते एका जागी बसतं, भोवतालच्या पेशी फुगवून त्यांतून अन्न ओढतं, आणि मादी होऊन नासपतीसारखी फुगते. ती शेकडो अंडी घालते, तीही चिकट जेलीच्या पिशवीत. माती २५ ते २८ अंश उबदार असली की महिनाभरात एक पिढी पूर्ण होते.

आता तेलाच्या नजरेनं पाहा. डिशमध्ये आपण ज्याला मारतो ते उघडं, पोहणारं पिल्लू. पण शेतात कुठल्याही दिवशी पाहिलं तर बरेचसे सूत्रकृमी मुळाच्या आत किंवा जेलीतल्या अंड्यांत असतात. तेल तिथवर पोचतं का? काही द्रव्यं अंडी फुटणं रोखतात हे खरं, पण चाचणीसाठी आपण अंडी ब्लीचमध्ये हलवून जेलीतून मोकळी करून घेतो. शेतात ती जेलीतच असतात. पिशवीसकट चाचणी घेतलेले निबंध मला फार कमी सापडतात. ते वाढले तर माझ्यासारख्यांना काम जास्त पडेल, पण ते आनंदानं करू.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. युजी ओका आणि सहकाऱ्यांचा २००० सालचा अभ्यास तुमच्यापैकी अनेकांना पाठ असेल. त्यांनी २७ सुगंधी तेलं मेलॉइडोगायनी जावानिकाच्या पिल्लांवर तपासली. लिटरला १००० मायक्रोलिटर या प्रमाणात १२ तेलांनी ८० टक्क्यांहून जास्त पिल्लांची हालचाल थांबवली. शहाजिरे, बडीशेप आणि पुदिन्याच्या दोन जाती सर्वांत पुढे होत्या. कार्व्हाक्रॉल, थायमॉल, अॅनेथॉल, कार्व्होन ही या तेलांतली मुख्य द्रव्यं त्याहून बऱ्याच कमी प्रमाणात परिणामकारक ठरली. मला हा अभ्यास आवडतो, कारण ते डिशपाशी थांबले नाहीत. तेलं वाळूसारख्या मातीत मिसळून काकडीची रोपं लावली आणि किलोभर मातीला १०० ते २०० मिलिग्रॅम तेल दिल्यावर मुळांवरच्या गाठी कमी झाल्याचं दाखवलं. शिवाय पिल्लांचा आकडा देताना 'हालचाल थांबवली' असंच त्यांनी म्हटलं, 'मारली' असं म्हटलं नाही. शब्द असे जपून वापरलेले पाहिले की बरं वाटतं.

हाच २०० मिलिग्रॅमचा आकडा घेऊन शेतात चला. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. वरची २० सेंटीमीटर माती धरली तर २,००० घनमीटर होते. घनमीटरला १.३ टन या हिशेबानं ती २,६०० टन, म्हणजे २६ लाख किलो भरते. किलोला २०० मिलिग्रॅम म्हणजे ५२० किलो तेल. एका हेक्टरला, एका वेळेला.

थाइम या सुगंधी झुडपाच्या सुक्या पाल्यातून शेकडा एक-दोन किलो तेल निघतं असं धरू. ५२० किलो तेलाला २६ ते ५२ टन सुका पाला लागेल. हेक्टरी दोन टन सुका पाला मिळतो असं मानलं, तर एका हेक्टरातल्या काकडीची मुळं वाचवायला १३ ते २६ हेक्टर थाइम लावावं लागेल. ते पाणी, ती जमीन आणि तो पाला उकळायचं इंधन कुठून आणायचं? डिशमधल्या यशानंतर 'हे तेल रासायनिक सूत्रकृमीनाशकांना पर्याय ठरू शकतं' असं शेवटचं वाक्य लिहिताना हे गणित कुणीतरी केलेलं असावं, एवढीच माझी अपेक्षा आहे. पेन्सिल घेऊन बसलं तर पाच मिनिटं लागतात.

पण हे गणित आपल्याला नुसतं घाबरवत नाही, वाटही दाखवतं. संपूर्ण शेत भिजवायची गरज नाही. ओळींमध्ये दीड मीटर अंतर असेल आणि रोपाभोवतीचा ३० सेंटीमीटरचा पट्टाच धरला, तर माती पाचव्या हिश्शावर येते. खोली २०ऐवजी १५ सेंटीमीटर धरली आणि किलोला १०० मिलिग्रॅम तेल पुरलं, तर ५२० किलोचे ३९ किलो होतात. हा आकडा ऐकल्यावर माणूस निदान विचार तरी करू शकतो. म्हणजे तेल चालेल की नाही हे तेलाइतकंच किती मातीला, किती खोल आणि कुठे, यावर ठरतं. आणि हे प्रश्न मला डिशमध्ये सोडवता येत नाहीत. ते मातीतच सुटतील. १५ सेंटीमीटरच्या खाली बसलेली पिल्लं पुढे वर चढून येतात हेही विसरून चालणार नाही, त्यामुळे ३९ किलो पुरतील की नाही याचं उत्तर पूर्ण हंगाम पाहिल्याशिवाय मिळणार नाही.

मातीत गेल्यावर तेलाचं काय होतं, याबद्दल आपण कमी लिहितो. थायमॉल लिटरभर पाण्यात जेमतेम एक ग्रॅम विरघळतं. लिमोनीनसारखी द्रव्यं तर त्याच्या पासंगालाही पुरत नाहीत. डिशमध्ये आपण ट्वीन किंवा अल्कोहोल घालून त्यांना जबरदस्तीनं पाण्यात बसवतो. मातीत ती सेंद्रिय कणांना चिकटतात, पोकळ्यांतून वाफ होऊन वर निघून जातात, आणि उरलेली जिवाणू खातात. किलोभर मातीत १५ टक्के ओल असेल आणि ७५ मिलिग्रॅम द्रव्य घातलं, तर ते सगळं पाण्यातच राहिलं असं मानल्यास लिटरला ५०० मिलिग्रॅम भरतात. ओका यांच्या अभ्यासात शुद्ध द्रव्यांचं डिशमध्ये परिणाम दाखवणारं प्रमाण याच्या चौथाईच्या आसपास होतं. मधलं अंतर मातीनं खाल्लं असावं असं मला वाटतं. आणि तीही वाळूसारखी माती होती. सेंद्रिय कर्बानं भरलेल्या भारी काळ्या मातीत काय होईल? चाचण्यांसाठी वाळू निवडली जाते कारण तिच्यातून सूत्रकृमी आणि मुळं धुऊन काढणं सोपं जातं. माझ्या बोटांनाही वाळूच आवडते. पण पीक बहुतेक ठिकाणी वाळूत उगवत नाही. एकच तेल निदान तीन पोतांच्या मातींत तपासून पाहा, आणि सेंद्रिय कर्ब किती होता ते निबंधात लिहा.

वाफेचा उल्लेख झालाच आहे तर खणांच्या प्लेटबद्दल एक गोष्ट बोलून घेते. एका खणात तेल आणि शेजारच्या खणात नुसतं पाणी असेल, तर तेलाची वाफ शेजारी जाते. नुसत्या पाण्यातली पिल्लंही सुस्त पडलेली मी पाहिली आहेत. मग तुलनेचा आधारच डळमळतो. खण अंतरानं भरावेत, शक्य तर तेलाची आणि पाण्याची प्लेट वेगळी ठेवावी. आणि लवंग तेलासाठी पॉलिस्टायरिनची डिश तर वापरूच नये. थेंब सांडला की तिथलं प्लास्टिक धूसर होतं, बोट लावलं तर चिकट लागतं. अशा वेळी आपण तेलाची चाचणी करतो आहोत की तेलात विरघळलेल्या डिशची, हे सांगता येत नाही. काच वापरावी.

आता रोपांचं. तुमच्या निबंधांतला हा भाग वाचताना मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं, कारण बहुतेकदा तो नसतोच. लवंग तेलातलं युजेनॉल तण जाळायलाही वापरलं जातं. जे तणाला जाळतं ते रोपाला ओळखून सोडून देईल असं नाही. आमच्या कुंड्यांमध्ये तेल घालून त्याच दिवशी काकडीची रोपं लावली होती. तिसऱ्या दिवशी बीजपर्णांच्या कडा पारदर्शक झाल्या, जणू कुणी गरम पाण्याचा हात फिरवला असावा. मुळं धुऊन पाहिली तर पांढरी टोकं तपकिरी पडलेली, आणि गाठ एकही नाही. तक्त्यात ती कुंडी 'गाठी शून्य' म्हणून झळकली असती. पण गाठ पडायला जिवंत मुळाचं टोक लागतं, आणि ते तर आपणच जाळलं होतं. आठवडाभर थांबून लावलेली रोपं तगली. सूत्रकृमीला झोपवणारं प्रमाण आणि रोपाला भाजणारं प्रमाण यांत अंतर किती, हा आकडा प्रत्येक तेलाबरोबर छापला गेला पाहिजे. तो नसेल तर बाकीचे आकडे शेतकऱ्याच्या उपयोगाचे नाहीत.

गाठींच्या मोजणीतही एक खाच आहे. आपण ० ते ५ असा निर्देशांक वापरतो. शंभराहून जास्त गाठी असल्या की ५. म्हणजे १०१ गाठींची मुळी आणि हजार गाठींची मुळी एकाच रकान्यात बसतात. तेलानं हजाराच्या दोनशे केल्या असतील तर त्या मेहनतीला आपल्या तक्त्यात जागाच नाही. आणि उलट बाजूही पाहा. तेलानं सुरुवातीचे पंधरा दिवस मूळ वाचवलं की झाड जोमानं वाढतं, मुळांचा पसारा मोठा होतो, आणि उरलेल्या थोड्या पिल्लांना खायला भरपूर मिळून हंगामाच्या अखेरीला त्यांची संख्या न वापरलेल्या वाफ्याहूनही जास्त भरू शकते. अशा चाचणीला 'अपयशी' म्हणायचं का? १९६५ साली साइनहॉर्स्ट यांनी लावणीच्या वेळची सूत्रकृमींची संख्या आणि पिकाचं नुकसान यांचा संबंध सूत्रात मांडला. सुरुवातीची संख्या एका मर्यादेखाली असेल तर पीक ती सोसतं, हे त्यातून दिसतं. त्या दृष्टीनं पाहिलं तर तेलानं सगळे सूत्रकृमी मारायची गरजच नाही. लावणीनंतरचे पहिले काही आठवडे मूळ मोकळं ठेवलं तरी पिकाच्या पदरात काहीतरी पडेल. पण ते दाखवायला उत्पादनही मोजावं लागेल आणि अखेरची संख्याही. यांतलं एकच मोजून आपण शेतकऱ्याला अर्धीच गोष्ट सांगतो, आणि पुढच्या हंगामात ती त्याला महागात पडते.

तेलाच्या नावाबद्दल थोडं. 'थाइमचं तेल वापरलं' एवढं लिहून भागत नाही. दक्षिण फ्रान्समधल्या रानटी थाइमचे सहा रासायनिक प्रकार नोंदलेले आहेत. एकात थायमॉल जास्त, एकात कार्व्हाक्रॉल, एकात लिनालूल, एकात जिरॅनिऑल. दिसायला झाड एकच. ओव्याच्या तेलात थायमॉल सहसा ३५ ते ६० टक्क्यांच्या दरम्यान असतं, म्हणजे एका बाटलीत दुसरीच्या जवळजवळ दुप्पट असू शकतं. बाटलीतल्या घटकांचं विश्लेषण निबंधात दिलं नाही तर ती चाचणी पुन्हा कुणी करूच शकत नाही. आणि कडुनिंबाच्या तेलाला सुगंधी तेलांच्या रांगेत बसवणं कृपा करून थांबवा. ते बियांतून गाळलेलं स्थिर तेल आहे, कागदावर डाग सोडणारं. सुगंधी तेल वाफेबरोबर वर चढतं आणि कागदावरून उडून जातं. दोघांचं मातीतलं वागणं पूर्णपणे वेगळं आहे. आपणच सरमिसळ केली तर सल्ला देणारेही करणार.

तेलं सूत्रकृमीवर नेमकं काय करतात, या बाजूला मात्र सुंदर काम झालं आहे. २०१०च्या एका अभ्यासात थायमॉल आणि कार्व्हाक्रॉल हे सीनोरॅब्डायटिस एलेगन्स या सूत्रकृमीच्या टायरामिन ग्राहीवर (पेशीवर रासायनिक निरोप झेलणाऱ्या प्रथिनावर) परिणाम करतात असं दिसलं. माणसाच्या शरीरात हा ग्राही त्या रूपात नाही, म्हणून आशा वाटते. पण एलेगन्स हा मुळं न खाणारा, जिवाणूंवर जगणारा प्राणी आहे. मातीतले बहुसंख्य सूत्रकृमी तसेच निरुपद्रवी असतात. कुणी जिवाणू खातं, कुणी बुरशी, कुणी इतर सूत्रकृमी, आणि त्यांच्यामुळे मातीतला नत्र फिरता राहतो. जी द्रव्यं एलेगन्सला लोळवतात ती त्यांनाही लोळवणार. मी माती धुते तेव्हा भिंगाखाली दहा तऱ्हांचे प्राणी दिसतात आणि मला त्यांतल्या एकालाच मोजायला सांगितलेलं असतं. बाकीच्यांनाही मोजू द्या. तेलानं त्यांचं काय झालं आणि किती दिवसांत ते परतले, ही माहिती फुकट हाती येते. चाळणीवर ते आलेलेच असतात.

निसर्गातून आलं म्हणजे निरुपद्रवी, ही समजूत तर सोडायलाच हवी. दालचिनीतल्या सिनॅमाल्डिहाइडनं कातडीवर पुरळ उठतं, पुदिन्याच्या काही जातींतलं पुलेगोन यकृताला बाधतं. हातमोजे आणि चष्मा घालूनच काम करा हे आम्हा सहायकांना सांगितलं जातं. शेतात फवारणाऱ्यालाही ते कुणीतरी सांगायला हवं.

पुढची वाट कुणालाच दिसलेली नाही असं मुळीच नाही. युरोपीय संघानं २०१३ साली थायमॉल, जिरॅनिऑल आणि युजेनॉल पीकसंरक्षणासाठी मंजूर केली. यीस्टच्या रिकाम्या पेशींच्या कवचात थायमॉल आणि जिरॅनिऑल भरून तयार केलेलं सूत्रकृमीनाशक प्रत्यक्ष वापरात आलं आहे. कवचातलं तेल उडून जात नाही, ओल लागली की हळूहळू बाहेर पडतं. तेल तेच आहे, फक्त ते मातीत टिकवण्याचा विचार कुणीतरी केला. मला हे नवं तेल शोधण्याहून मोठं काम वाटतं. विसाव्या झाडाचं तेल विसाव्या डिशमध्ये घालण्यापेक्षा, ओव्याच्या एकाच तेलाला मातीत दहा दिवस कसं टिकवायचं यावर दोन वर्षं घालवणारा विद्यार्थी मला पाहायचा आहे. ऊर्ध्वपातनानंतर जे सुगंधी पाणी उरतं, त्यातही विरघळलेली द्रव्यं असतात. बहुतेक ठिकाणी ते ओतून दिलं जातं. त्याची मातीतली चाचणी घ्या. काढून उरलेला पाला मातीत गाडला तर काय होतं ते पाहा. ५२० किलोंचं गणित जिथे अडतं तिथे अशा गोष्टी कामाला येतील. बुरशी आणि जिवाणूंच्या ज्या जाती सूत्रकृमींना खातात, त्या तेलाबरोबर दिल्या तर मरतात की तेल उडून गेल्यावर दिल्या तर जोर धरतात, हेही मातीतच कळेल.

आणि फसलेल्या चाचण्या छापा. आमच्या कपाटात अशा वह्या आहेत ज्यांत डिशमध्ये उत्तम ठरलेलं तेल कुंडीत काहीच करू शकलं नाही. त्या वह्यांतून कधीच काही बाहेर आलं नाही. दुसऱ्या प्रयोगशाळेत कुणीतरी तेच तेल, तीच वाळू घेऊन तीच दोन वर्षं पुन्हा घालवत असेल. एखादं तेल भारी मातीत चालत नाही, हे कळणंसुद्धा शेतकऱ्याच्या फायद्याचं आहे. त्याचा हंगाम वाचतो.

माझी मागणी फार नाही. 'मृत' लिहिण्याआधी पिल्लं धुऊन एक दिवस पाण्यात ठेवा. डिशनंतर निदान दोन-तीन मातींत कुंड्या लावा. प्रमाण लिटरला मायक्रोलिटर असं तर लिहाच, पण हेक्टरला किती किलो हेही त्याच ओळीत लिहा. रोप किती भाजलं ते लिहा. आणि कुंडी उपटाल तेव्हा मुळं आमच्याकडे पाठवा. 'फ्लॉक्सिन बी' या रंगाच्या पाण्यात पंधरा मिनिटं ठेवली की अंड्यांच्या पिशव्या लालबुंद होतात आणि मुळावर बारीक ठिपक्यांसारख्या उठून दिसतात. एकेक ठिपका म्हणजे पुढच्या महिन्याची शेकडो पिल्लं. ते ठिपके मी मोजून देईन, तेल घातलेल्या कुंडीतले आणि न घातलेल्यातलेही, आणि मग दोघं मिळून तक्ता भरू.

आपली,
सूत्रकृमी मोजणारी एक प्रयोगशाळा सहायक